दारावरचं नाव

७ ऑक्टोबर २०१८, रविवार

पुन्हा दैनंदिनी लिहायला घेतली. लिहीत जा, लिहीत जा, असं आम्हाला लहानपणापासून सांगतात. मी दर वेळी मोठ्या उत्साहानं सुरू करते आणि मध्येच गळपटते. या खेपेला नेट लावायचा.

आज आमच्या चर्चच्या अधिवेशनाचा दुसरा दिवस. चर्चला जायचं नसतं, घरीच टीव्हीसमोर बसून ऐकायचं असतं. मी पहाटे उठून दालचिनीचे रोल केले. ते केले की आमचा मुलगा, थेन, येतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. अधिवेशनासाठी नाही येत तो, रोलसाठी येतो. सहा वर्षांपूर्वी त्यानं चर्चमधून नाव कमी करून घेतलं, तेव्हा मी महिनाभर स्वयंपाकघरात रडत होते. पण सॉल्ट लेकहून दोन तास गाडी हाकत तो दर पंधरवड्याला येतो, माझ्या हातचं खातो, बापाबरोबर टर्कींच्या शेडमध्ये हिंडतो. मी काही विचारत नाही, तो काही सांगत नाही. असं चाललंय.

तर आज संदेष्ट्यांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या प्रमुखांनी, स्पष्टच सांगितलं. आपल्याला मॉर्मन म्हणायचं नाही, कुणाकडून म्हणवून घ्यायचं नाही. चर्चचं पूर्ण नाव घ्यायचं, कारण त्यात येशू ख्रिस्त आहे. टोपणनाव वापरलं की सैतानाचं फावतं. मी तर सरसावूनच बसले.

थेन बोटं चाटत म्हणाला, "म्हणजे बघ आई, सहा वर्षं मी चर्चचं तोंड पाहिलं नाही, तरी मॉर्मन होतो. आणि तू या खुर्चीत बसल्या बसल्या मॉर्मन राहिली नाहीस. आता घरात मीच एकटा उरलो की!"

व्हर्ल, त्याचे बाबा, इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला नाही हसू आलं. थेन नेहमी असंच म्हणतो, "मी मॉर्मनच आहे गं, फक्त चर्चला जात नाही." मला ते ऐकून पूर्वी बरं वाटायचं, खोटं कशाला लिहू. आता त्याला ते म्हणू द्यायचं की नाही?

९ ऑक्टोबर

व्हर्लशी वाजलं. आमच्या दारावर सासऱ्यांनी देवदाराच्या फळीवर कोरलेली पाटी आहे: "मॉर्मनांचं घर. आत या, जेवून जा." सत्तर वर्षं ती तिथे आहे. मी म्हटलं, काढा.

"राहू दे की," व्हर्ल म्हणाले. "पाटीनं कुणाचं काय बिघडवलंय?"

"संदेष्टे सांगतात ते तुम्हाला कळत नाही का?"

"ते दारांबद्दल काही बोलले नाहीत."

या माणसाशी वाद घालणं म्हणजे टर्कीशी वाद घालणं. शेवटी मीच स्टुलावर चढून पेचकसानं पाटी उतरवली. ते खाली स्टूल धरून उभे राहिले. पाटी कापडात गुंडाळून शेडच्या माळ्यावर ठेवायला लावली. दारावर तेवढा लाकडाचा चौकोन उजळ दिसतोय. रंग द्यायला हवा.

संदेष्ट्यांनी बायकांना आणखी एक काम दिलंय. वर्ष संपायच्या आत सगळा धर्मग्रंथ वाचून काढायचा. सुरू केला. भिंगाशिवाय जमत नाही.

२१ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थनेनंतर बिशप हॅटफिल्डनी मला कोपऱ्यात घेतलं. आमच्यात बिशपला पगार नसतो; आठवडाभर ते टायरचं दुकान चालवतात, त्यामुळे त्यांना काहीही सांगायची घाई असते. "सिस्टर यॉर्गन्सन, नोव्हेंबरात तुम्ही भाषण करायचं. विषय, मॉर्मन हे नाव कुठून आलं आणि आपण ते का सोडतोय. तुमचं ऐकतात सगळे."

ऐकतात, कारण मी मोठ्यानं बोलते. नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मान डोलावली.

नाव कुठून आलं? जन्मभर वापरलं, कधी विचार केला नाही. सासरे सांगायचे की त्याचा अर्थ "अधिक चांगला." ते असंही सांगायचे की त्यांच्या गाईला पाऊस कळतो.

२८ ऑक्टोबर, रविवार

थेनला फोन केला. धर्मप्रचाराच्या मिशनवरून आल्यापासून त्याला जुन्या इतिहासाचं वेड आहे. चर्च सोडलं, पण पुस्तकं नाही सोडली. मी म्हटलं, "एक मदत हवी आहे. हसू नकोस."

हसला नाही. उलट असा खुलला की मला भरून आलं. किती वर्षांनी आम्ही एवढं बोललो असू. मी एकीकडे बटाटे किसत होते, फोन कानाला, ओटा सगळा चिकट.

म्हणाला, "आजोबांचं ते 'अधिक चांगला' सोडून दे. कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. अर्थ सोड, नाव कसं फिरलं ते बघ. सुरुवातीला आपल्या लोकांनी हे नाव घेतलंच नव्हतं. बाहेरच्यांनी चिडवायला दिलं. आपल्या ग्रंथात मॉर्मन येतो ना, त्यावरून. आले बघा मॉर्मनवाले, असं. मग आपल्या लोकांनी ती शिवी उचलली आणि छातीवर लावली."

"म्हणजे शत्रूंनी दिलेलं नाव!" मी लगेच लिहून घेतलं.

"हो, पण थांब. त्याच्या आधीचं ऐक. ग्रंथात मॉर्मन हे आधी माणसाचं नाव नाहीच, जागेचं आहे. आठवतं? दुष्ट राजाच्या भीतीनं लोक पळून गेले, एका पाण्याच्या झऱ्याजवळ झुडपांत लपले. तिथेच त्यांना बाप्तिस्मा मिळाला. त्या जागेचं नाव मॉर्मन. ज्यांना कुठेच जागा नव्हती, त्यांची जागा. तो पुढचा मॉर्मन, सेनापती, त्याला त्या जागेचं नाव ठेवलं. हे नक्की सांग भाषणात."

"तू अजून वाचतोस ग्रंथ?"

म्हणाला, "मला त्यातलं काही खरं वाटत नाही, आई. पण तो सेनापती आवडतो. आपलं कुणी ऐकत नाही, हे माहीत असून त्यांच्यातच राहिला."

फोन ठेवला तर मी ओल्या हातांनी तशीच उभी होते. देवाचं काम आहे हे. या भाषणाच्या निमित्तानं तो परत येणार, मला आतून वाटतंय.

११ नोव्हेंबर, रविवार

भाषण झालं. आणि थेन आला होता! न सांगता! कोट घालून शेवटच्या बाकावर बसला होता. चर्चमध्ये, सहा वर्षांनी.

मी सगळं सांगितलं. शत्रूंनी चिडवायला दिलेलं नाव, आपण ते कसं मिरवत बसलो, आणि आता देवाच्या मुलानं आपल्याला त्याचं नाव दिलेलं असताना हे जुनं कशाला. शेवटी सुचलेलं एक वाक्य मला फार आवडलं: "या नावाला चिकटून राहणं म्हणजे दारात उभं राहणं. ना आत, ना बाहेर." बिशप मान डोलवत होते. दोघी बायकांनी डोळे पुसले.

बाहेर थेननं मला मिठी मारली. "छान बोललीस."

"तुझ्यामुळेच रे!"

"झऱ्याचा भाग राहिला मात्र."

"अरे, वेळ कुठे होता? आणि त्यानं सगळं उलटंच झालं असतं."

"हो," म्हणाला. "उलटं झालं असतं खरं."

जेवायला थांब म्हटलं, तर हॉस्पिटलात पाळी आहे म्हणाला. तिथे नर्स आहे तो, त्याला रविवारीही काम असतं. गाजर घातलेली हिरवी जेली अर्धी उरली. पण चर्चमध्ये पाऊल तर टाकलं!

२२ नोव्हेंबर

आज कृतज्ञतेचा सण, सगळा देश टर्की खातो. आमच्याकडे हॅम. आयुष्यभर टर्की पाळल्यावर व्हर्लना तिचा वासही नको असतो.

लग्नाचं बोलणं झालं. आमची धाकटी, ब्रिएल, पंधरा डिसेंबरला टेकडीवरच्या आमच्या चर्चच्या मंदिरात केडशी लग्न करतेय. थेननं पावाला लोणी लावत सहज विचारल्यासारखं विचारलं, "ब्रि, आदल्या दिवशी इथे घरी छोटासा विधी केला तर? मलाही बघता येईल. मग दुसऱ्या दिवशी मंदिरात जा."

ब्रिएल माझ्याकडे बघायला लागली. तिचे डोळे भरलेच. बाहेर लग्न लावलं तर मंदिरात कायमचं बांधलं जायला वर्षभर थांबावं लागतं, हे त्यालाही माहीत आहे. मंदिरात सदस्यांनाच जाता येतं, तेही बिशपनं पारखून चिठ्ठी दिली तर. नियम मी केलेला नाही.

मी म्हटलं, "थेन, बहिणीला कोंडीत पकडू नकोस."

"नाही पकडत. विचारलं फक्त." आणि मग हसून, "मी बाहेर थांबेन. कोट धरायला कुणीतरी लागतंच."

तिला लहानपणी खांद्यावर घेऊन यानंच गावभर मिरवलंय. मी उठून भांडी घासत बसले. करणार काय मी?

१५ डिसेंबर

लग्न झालं.

आत सगळं पांढरं, शांत. ब्रिएल इतकी सुंदर दिसत होती. समोरासमोरच्या आरशांत ती दोघं न संपणारी दिसत होती. कुटुंब कायमचं बांधलं जातं, मरणानंतरही. मी रडले, आणि रडताना माझ्या शेजारच्या खुर्चीकडे सारखं लक्ष जात होतं. तिथे केडची मावशी बसली होती. चांगली बाई आहे. तिचा काही दोष नाही.

बाहेर आलो तेव्हा बर्फ भुरभुरत होता. थेन पायऱ्यांखाली उभा, हातावर ब्रिएलचा कोट आणि माझे बूट. नाक लाल झालेलं. आत दाराशीच बाहेरच्यांना बसायची खोली असते, तिथे का नाही बसलास, विचारलं, तर म्हणाला, "इथून दार दिसतं."

फोटो चालले होते. केडचे आयडाहोचे काका त्याला म्हणाले, "काय रे, तू आत दिसला नाहीस? सदस्य नाहीस वाटतं?"

थेन हसून म्हणाला, "सदस्य नाही, काका. पण मॉर्मन आहे. पाच पिढ्यांचा."

काकांचा चेहरा गोंधळला. मी थेनचा दंड धरूनच उभी होते. म्हटलं, आता हे स्पष्ट व्हायलाच हवं, एवढे लोक ऐकताहेत. अगदी हळू, प्रेमानं म्हटलं, "थेन, तसं काही नसतं आता. माणूस एक तर सदस्य असतो, नाहीतर नसतो."

"बरोबर आहे," काका म्हणाले.

थेननं दंड सोडवून घेतला, माझी कॉलर नीट केली. "थंडी फार आहे, आई. गाडीत जाऊन बस." बास, एवढंच. मी मनात म्हटलं, किती समंजस झालाय! पूर्वी वाद घातला असता.

रात्रीच्या जेवणाला तो नव्हता. व्हर्लनी सांगितलं, रस्ता निसरडा होईल म्हणून लवकर निघाला.

२५ डिसेंबर

थेन आला नाही. निरोप आला: पाळी आहे, सगळ्यांना शुभेच्छा. रोल केले होते. शेजारीपाजारी वाटून टाकले.

३० डिसेंबर, रविवार

आज वाचताना मॉर्मनच्या स्वतःच्या पानांपर्यंत आले. मुदत उद्या संपते, म्हणून दिवसभर बसूनच होते.

हे मी आयुष्यात कितीदा वाचलं असेल, पण आज कसं कोण जाणे, वेगळंच वाचल्यासारखं झालं. त्याची माणसं देवाला विसरली, ऐकेनात. तो चिडला, म्हणाला, मी तुमचा सेनापती नाही, लढा तुमचं तुम्ही. बाजूला झाला. मग ती मरायला लागली, तेव्हा परत गेला. काही सुधारतील या आशेनं नाही. तसं त्यानं साफ लिहिलंय. आशा नव्हती. तरी गेला. शेवटी ती सगळी मेली आणि तो त्यांच्यासाठी ऊर फुटेस्तोवर रडला. हाताशी उरला एक मुलगा, त्याच्याकडे लिहिलेलं सोपवलं.

मी भिंग ठेवून दिलं. व्हर्ल म्हणाले, "काय झालं?"

म्हटलं, "डोळे दुखतात."

थेनला हाच आवडतो. आता विचारलं असतं त्याला, पण फोन लागत नाही. कामात असेल.

१० फेब्रुवारी २०१९

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नाही. थेनचे निरोप येतात: "ठीक आहे." "कामात आहे." "काळजी घे." व्याकरण अगदी शुद्ध. पूर्वी मला चिडवणारी चित्रं पाठवायचा.

मी दर उपवासाच्या रविवारी त्याच्यासाठीच उपाशी राहते. बिशप म्हणतात, धीर धरा, तो येईल. टायरसारखं नाही ना हे, की उद्या या आणि घेऊन जा.

दाराला रंग दिला. तरी चौकोन दिसतोच.

६ मे, सोमवार

मी हे कसं लिहू!

आज चर्चनं जाहीर केलं. आता आधी बाहेर, सगळ्यांसमोर लग्न लावता येईल, आणि लगेच मंदिरात जाता येईल. वर्षभर थांबायची अट गेली. कुटुंबं एकत्र यावीत म्हणून, असं म्हटलंय.

ब्रिएलचा फोन आला. ती रडत होती. "आई, आपण डिसेंबरात का घाई केली? का गं?"

मी म्हटलं, "तेव्हा नियम तो होता, बाळा."

"थेन बर्फात उभा होता गं."

तेव्हा सांगितलं ते ऐकलं. आज सांगितलं तेही ऐकते. मी कधी ऐकलं नाही असं झालेलंच नाही. मग मलाच का असं वाटतंय की कुणीतरी माझ्या हातातून काही काढून घेतलं, आणि आता म्हणताहेत, अहो, ते ठेवलं असतं तरी चाललं असतं?

७ मे

न राहवून एकटीच सॉल्ट लेकला गेले. थेनला समोर बसवून सांगायचं होतं की नियम बदलला. रोल डब्यात घेतले होते.

दार एका अनोळखी मुलीनं उघडलं. केस ओले, हातात टॉवेल. "थेन? ते मार्चमध्येच गेले. पोर्टलंडला."

पोर्टलंड! दुसऱ्या राज्यात! मी पायरीवरच बसले. ती मुलगी बिचारी पाणी घेऊन आली. मी डबा तिलाच दिला.

घरी आले तर व्हर्ल शेडमध्ये खाद्य टाकत होते. मी म्हटलं, "थेन गेला. पोर्टलंडला गेला."

त्यांनी बादली खाली ठेवली. "हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"जायच्या आधी येऊन गेला. तू मंदिरात सेवेला गेली होतीस."

"आणि मला सांगितलं नाहीत? दोन महिने?"

"तो म्हणाला, आईनं विचारलं तर सांगा." मग जमिनीकडे बघत म्हणाले, "तू म्हणायचीस, कामात असेल. विचारलं नाहीस कधी."

टर्कींचा एवढा कलकलाट, तरी मला दुसरं काही ऐकू आलं नाही. मी वर माळ्याकडे बघितलं. तिथे फळी नव्हती.

"पाटी कुठे आहे?"

"त्यानं मागितली."

मी भांडले नाही. भांडायला तोंड कुठे होतं?

८ मे

फोन केला. त्यानं नाही घेतला, यंत्रानं घेतला. "निरोप ठेवा." मी म्हटलं, "थेन, आई बोलतेय. नियम बदललाय. पण मी त्यासाठी फोन नाही केला. मला एवढंच सांगायचं होतं की तू..."

आणि शब्दच सापडेना. तू सदस्य नाहीस, ते तर मीच बोलून बसले. तू माझा मुलगा आहेस, हे त्याला माहीत आहे, ते काय सांगायचं? तू आमच्यातला आहेस, हे सांगायचं होतं. त्यासाठी एकच शब्द होता आमच्याकडे, दोघांना पुरायचा. तो मी स्टुलावर चढून स्वतःच्या हातानं उतरवला.

यंत्र टुणकन वाजलं आणि बंद झालं.

१२ मे, रविवार

आज मातृदिन. चर्चमध्ये सगळ्या बायकांना उभं करून एकेक चॉकलेट देतात, मुलं असोत नसोत. मी उभी राहिले, घेतलं, पर्समध्ये ठेवलं. बिशपनी विचारलं, "थेन कसा आहे?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना खरं उत्तर दिलं असेल. ते खांद्यावर थोपटून पुढच्या बाईकडे गेले.

संध्याकाळी व्हर्ल आले आणि त्यांचा फोन माझ्यासमोर धरला. थेननं फोटो पाठवलाय. मला नाही, त्यांना. खाली लिहिलंय: "आईला दाखवा, वाटलं तर."

एक हिरवं दार, पावसानं भिजलेलं. तिकडे म्हणे सारखाच पाऊस. दारावर सासऱ्यांची फळी. तेल लावून पुसलीय, अक्षरं ठळक दिसताहेत. दारापाशी पायपुसणं आणि दोन खुर्च्या. दोन का, तो तर एकटा असतो.

व्हर्ल म्हणाले, "वाच."

मी म्हटलं, "मला पाठ आहे."

ते टर्कींना पाणी द्यायला गेले. फोन माझ्याजवळ ठेवून गेले. मी भिंग आणलं आणि एकेक अक्षर बघत बसले. मॉर्मनांचं घर. आत या, जेवून जा. तोंडानं नाही म्हटलं, मनातच वाचलं. नुसतं वाचलं तर चालतं का, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.